शूलपाणीच्या वाटेची तयारी

चातुर्मासात विहार थांबतो, हे आपल्या घरांत नव्याने सांगायला नको. नर्मदा परिक्रमेचाही तोच नेम आहे. पावसाळ्याचे चार महिने चालणे बंद असते, कार्तिकात वाट पुन्हा मोकळी होते. मी ही परिक्रमा सलग न करता खंडाखंडाने आणि एकट्याने करीत आहे. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, अशीच तुकड्यातुकड्यांनी पदयात्रा आरंभली होती. साठी ओलांडलेल्या माणसाला तो दाखला पुरेसा आहे.

ओंकारेश्वर ते बडवानी हा पहिला टप्पा गतवर्षी झाला. आता पुढे शूलपाणीची झाडी. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा मूळ नियम; परंतु या भागात जुनी काठची वाटच सरदार सरोवराच्या पोटात गेली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्यामुळे काठ सोडून धडगाव-अक्कलकुव्याचे सातपुड्याचे डोंगर चढावे-उतरावे लागतात. नर्मदेच्या १३१२ किलोमीटरपैकी महाराष्ट्राच्या सीमेवर येतात ते जेमतेम ७४. नेमके तेच सर्वांत अवघड!

झाडीत परिक्रमावासी लुटले जात, असे जुन्या कथनांतून वाचायला मिळते. अलीकडे चालून आलेले मात्र भिल्ल आणि पावरा कुटुंबांनी ओसरीवर दिलेल्या जागेविषयीच बोलतात. आमच्या सौ.ची शंका वेगळी आहे. “अहो, चोरांचे राहू द्या. पाय मुरगळला तर हाक कुणाला माराल?” आयुष्यभर कर्जदारांना जोखमीचे प्रश्न विचारले, पण या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तडजोड अशी ठरली : डोंगरातल्या मुक्कामांपुरता गावचा वाटाड्या घ्यायचा आणि त्याची मजुरी चोख द्यायची. फोनला रेंज मिळेल तिथून घरी कळवायचे. दोन दिवस खबर आली नाही, तर चिरंजीवांनी मुक्कामांच्या यादीवरून चौकशी सुरू करायची. हृदयाची तपासणी करून डॉक्टरांची अनुमतीही घेतली आहे.

सरावासाठी पनवेलकरांना दूर जावे लागत नाही. आठवड्यातून दोनदा, पाठीवर सहा किलोची पिशवी घेऊन मी कर्नाळ्याचा किल्ला चढतो. चढण दम काढते, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. म्हणून काठी उतरतानाच अधिक लागते.

आहाराचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागतो. सदावर्तात बटाटा-कांदा हमखास असतो. त्यामुळे खाखरे, भाजलेले चणे, मूगडाळ आणि सातूचे पीठ सोबत हवे. पाणी गाळायला दुहेरी सुती कापड, आणि उकळायला लहान पातेले. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन साधायचे तर चार-साडेचारला चालणे थांबवलेच पाहिजे, म्हणजे दिवसाचा पल्ला पंधरा किलोमीटरच्या आतच ठेवावा लागतो. चतुर्दशीला उपवास आणि मुक्काम.

बडवानीला रेल्वे नाही. धुळे, सेंधवा असे टप्पे करीत बसने जायचे. तिथून आठेक किलोमीटरवर बावनगजा आहे. डोंगरात कोरलेल्या ८४ फुटी आदिनाथांच्या दर्शनात पहिला दिवस घालवून दुसऱ्या पहाटे निघायचे ठरले आहे. पिशवीत अजून गुडघ्याचा पट्टा आणि बॅटरी एवढेच भरायचे आहे. बॅटरी सौ.ने स्वतः निवडून आणली. एक सांगितली होती, तिने दोन आणल्या.