पाकिटावरील चित्र

मृगापूर्वीं चार दिवस नंदुरबारच्या बाजारांत बियाण्याच्या दुकानापुढें उभें राहावें. कापसाच्या बियाण्याचीं पाकिटें हारीनें मांडलेलीं असतात. बहुतेकांवर शुभ्र, टपोरीं बोंडें. एखाद्याचें नांव तर शूर योद्ध्यास शोभेल असें. बापाच्या हातांत उसने आणलेले पैसे असतात आणि तो विचारतो, "यांतलें बरें कोणतें?" माझ्या मतें विद्यार्थ्यांनीं चित्रकलेचा एक धडा येथेंच घ्यावा.

हें ऐकून पुष्कळांस हसूं येईल. कला म्हणजे अजिंठा, कला म्हणजे रविवर्मा. वेष्टनाशीं तिचा संबंध काय? परंतु खुद्द रविवर्म्यानें १८९४ सालीं घाटकोपर येथें छापखाना काढिला आणि त्याची लक्ष्मी थोड्या पैशांत घरोघर गेली. पुढें अशींच चित्रें कापडावरील लेबलांवर, आगपेट्यांवर, दिनदर्शिकांवर चढलीं. पंढरपुरास जन्मलेले हुसेन तरुणपणीं मुंबईंत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत; उतारवयांत त्यांनीं माधुरी दीक्षित या नटीचीं चित्रें वारंवार काढिलीं. देवी काय, नटी काय, बाजारानें दोघींस एकाच भिंतीवर आणून बसविलें.

अमेरिकेंत अँडी वॉरहॉल या चित्रकारानें १९६२ सालीं सूपच्या डब्यांचीं बत्तीस चित्रें मांडलीं. डबे सगळे सारखे, फक्त सूपच्या प्रकाराचें नांव निराळें. ही थट्टा आहे असें कित्येकांस वाटलें. मला मात्र तीं आठवलीं कीं आमच्या बाजारांतील पाकिटें दिसूं लागतात.

कारण येथेंहि गोष्ट तीच आहे. जमिनींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचें जनुक कापसांत घातलें, म्हणजे झाड स्वतःच बोंडअळीस मारक द्रव्य तयार करूं लागतें. अशा बीटी कापसास सरकारनें २००२ सालीं परवानगी दिली. २००६ पासून दोन जनुकांचें बियाणें आलें. त्याच्या जाहिरातींत लोकप्रिय नटहि येऊन गेले. नांवें शेंकडों झालीं, परंतु जनुकें बहुतेकांत तींच! वाणावाणांत फरक असतो, नाहीं असें नव्हे. कोणता लवकर पिकतो, कोणता उशिरां. पण नेमका तोच फरक चित्रांत दिसत नाहीं.

आरंभीं फवारणी कमी झाली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मात्र गुलाबी बोंडअळीस तें द्रव्य पचूं लागलें आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांत शेतेंच्या शेतें नासलीं. पाकिटासोबत साध्या कापसाची एक पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेनें पेरावी, म्हणजे अळीस तें द्रव्य इतक्या लवकर पचत नाहीं, असा तिचा हेतु. पुष्कळांनीं ती पेरलीच नाहीं. तिच्यावर टपोरें बोंड कोण काढणार? सूचना बारीक अक्षरांत होती, आणि घरांत ती वाचूं शकणारें मूल त्या वेळीं शाळेंत नकाशे रंगवीत होतें.

यंदा पेरा झाल्यावर रिकामीं पाकिटें कोणीं टाकूं नयेत. पालकांनीं तीं मुलांजवळ द्यावीं. शाळेच्या प्रदर्शनांत एका मोठ्या पुठ्ठ्यावर तीं ओळीनें चिकटवूं. वरच्या ओळींत दर्शनी बाजू आणि खालच्या ओळींत पाठीमागची.