ताई, बॅटरी गेली वाटतं!

रात्री एक वाजता फोन वाजला की पोटात गोळा येतोच. त्यात स्क्रीनवर मावसभावाचं नाव. साहेब दीड वर्षापूर्वी पुण्याहून प्रोजेक्टवर इंग्लंडला गेले, सध्या मुक्काम लंडनजवळ. तिकडे संध्याकाळचे साडेसात.

"ताई, झोपली नव्हतीस ना? माझं ते हे बंद पडलंय."

"ते हे म्हणजे? लॅपटॉप?"

"नाही गं. व्हेप." मग आवाज एकदम खाली. "आईला बोलू नकोस."

घ्या! मावशी सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरतेय की पोराने सिगरेट सोडली. तसं बघायला गेलं तर सोडलीच आहे, फक्त निकोटीन सोडलेलं नाही. पण रात्री एक वाजता लेक्चर द्यायचा माझा मूड नव्हता. आणि खरं सांगू? बंद पडलेली वस्तू म्हटलं की माझी झोप उडतेच.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, मग ही रिपेअरी आम्हाला कशाला? तर बॉस, त्या डबीच्या पोटात जो सेल असतो ना, तोच सेल किंवा त्याचा सख्खा भाऊ तुमच्या पॉवर बँकेत, टॉर्चमध्ये आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमध्ये बसलेला असतो. नाव १८६५०. भारी कोडवर्ड वाटतो, पण ते नुसतं माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब.

व्हिडिओ कॉल लावला. पहिला प्रश्न माझा नेहमीचाच, जो मी टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना विचारते: चालू आहे का? हसू नका. बऱ्याच व्हेपना बटण पटापट पाच वेळा दाबलं की चालू आणि पाच वेळा दाबलं की बंद असा फंडा असतो. खिशात दाबलं जाऊन बंद पडायचं, आणि मालक म्हणणार बॅटरी गेली. याने पाच वेळा दाबलं. स्क्रीन उजळली, आणि लगेच मेसेज: अटोमायझर सापडत नाही.

म्हणजे काय, तर वरची टाकी आणि खालची डबी यांची गाठच पडत नाहीये. टाकी आट्यांवर बसते आणि मधोमध एक छोटी पिन असते. टाकीतलं गोड चिकट लिक्विड झिरपून त्या पिनेवर साचतं, की करंट अडला. टाकी काढायला लावली. पिनेवर अक्षरशः काकवी! कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. (टेपरेकॉर्डरचं हेड ज्याने पुसायचो तेच. आठवतंय?) वाळू द्यायचं आणि टाकी परत हलक्या हाताने बसवायची. नळाची तोटी आवळल्यासारखी आवळली तर पिन आत दबते आणि मग खरंच कायमची गाठ सुटते.

"चाललं!" साहेब खूश. मी म्हटलं थांब, चार्जिंग होतंय का बघ.

नाही झालं. आता इथेही लोक लगेच बॅटरीच्या नावाने खडे फोडतात. आधी पोर्टमध्ये बघा. खिशातला कापूस तिथे असा काही ठासून बसतो की केबल पूर्ण आत जातच नाही. वस्तू बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढायचा, टाचणीने नाही. मग केबल. याने नव्या फोनची केबल लावली होती, दोन्ही टोकांना सी वाली. आणि इथेच एक मजा आहे. स्वस्तातल्या बऱ्याच वस्तूंमध्ये पोर्ट सी टाइपचं बसवतात, पण चार्जरला "मी आलोय, वीज दे" असं सांगणारे दोन चिमुकले रेझिस्टर गाळतात. पैसे वाचवायला, दुसरं काय! सी टू सी केबलवर चार्जर त्या खुणेची वाट बघत बसतो आणि वीज सोडतच नाही. जुनी, चपट्या यूएसबीवाली केबल शोध म्हटलं. ड्रॉवरमधून निघाली, लावली, झालं सुरू. तुमचा ट्रिमर किंवा छोटा पंखा फोनच्या चार्जरवर चार्ज होत नसेल तर फेकण्याआधी हे करून बघा.

"एवढंच होतं?" तो. "मी उगाच घाबरलो. तसं गेल्या महिन्यापासून ते जाम नाटक करतंय. अर्धी बॅटरी दाखवतं आणि दोन कश मारले की वीक बॅटरी म्हणून बंद."

हे मात्र मला आवडलं नाही.

थंडीमुळे असं होऊ शकतं. जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेला लिथियम सेल सकाळी अर्धमेला वाटतो, खोलीत तासभर ठेवला की ठीक होतो. (गोठलेल्या अवस्थेत चार्जिंगला मात्र लावायचा नाही.) पण हा गाडी चालवतच नाही. मग दुसरं कारण उरतं. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. नुसता बसलेला असताना व्होल्टेज छान दाखवणार, काम सांगितलं की धापा टाकणार. आणि व्हेपचं काम काही थोडकं नसतं. याचं मशीन ८० वॉटवर सेट. आत दोन सेल एकामागे एक जोडलेले, म्हणजे मिळून साधारण साडेसात व्होल्ट. भागाकार करा: जवळजवळ ११ अँपियर. तुमचा २००० वॉटचा गिझर ९ च्या आसपास घेतो. व्होल्टेज कुठे आणि कुठे, मान्य. पण अंगठ्याएवढ्या सेलमधून गिझरपेक्षा जास्त अँपियर जाताहेत. वर सेल उतरत गेला की तेच ८० वॉट भरून काढायला मशीन आणखी जास्त अँपियर ओढतं. दमलेल्या बैलाला आणखी पराणी.

"झाकण उघड. सेल बाहेर काढ आणि कॅमेऱ्यासमोर धर."

एक हिरवा, एक जांभळा. हिरवा मशीनबरोबरचा; जांभळा फ्लॅटमेटच्या टॉर्चमधून उचललेला. जोडीने काम करणारे सेल एकाच मेकचे, एकाच वयाचे लागतात, नाहीतर दुबळा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला तसाच फरफटत नेतो. जांभळ्यावर लिहिलंय ९९०० एमएएच. सरळ सरळ थाप! या मापाच्या सेलची ताकद चार हजारांच्या आसपासच संपते. जो कपॅसिटी खोटी छापतो, तो अँपियर खरे कशाला छापेल?

आणि हिरव्याचं वेष्टन वरच्या कडेला फाटलेलं. खाली छोटासा पोचा.

इथे मी रिपेअरी थांबवली. लोकांना वाटतं सेलचं वरचं टोक पॉझिटिव्ह आणि तळ निगेटिव्ह. प्रत्यक्षात सेलचा अख्खा पत्रा निगेटिव्ह असतो, तळापासून वरच्या कडेपर्यंत. वरचं बटण आणि ती कड यांच्यात अंतर मिलिमीटरभर, आणि राखण करायला तेवढं पातळ प्लॅस्टिक नि एक कागदी चकती. ते फाटलं आणि एखादी किल्ली दोन्हीला टेकली, की शॉर्ट. सेल तापतो, आतलं रसायन स्वतःच स्वतःला तापवत सुटतं, आणि ते बटण सोडून थांबत नाही. नुसतं वेष्टन फाटलं असेल तर माहीतगार लोक नवं चढवतात. पोचा आलेल्या सेलला मात्र दुसरा चान्स नाही. आतले थर दबलेत की नाही हे बाहेरून कळत नाही.

"जास्तीचे सेल कुठे ठेवतोस?"

"जीन्सच्या खिशात."

"किल्ल्या?"

"...त्याच खिशात."

अमेरिकेच्या फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २०१७ मध्ये एक अहवाल काढला होता. २००९ ते २०१६ या काळातल्या व्हेपच्या स्फोटांच्या आणि आगीच्या १९५ घटना त्यात मोजल्यात. वापर चालू असताना झालेल्या ६०. आणि खिशात, म्हणजे मशीन किंवा सुटे सेल खिशात असताना, ६१. मी आकडे वाचून दाखवले. त्याने जीन्सचा खिसा चाचपला, तो मला दिसला.

मग बाकीचंही निघालं. चार्जिंग कुठे? उशीशी, गादीवर, झोपताना लावून. असलं चार्जिंग जागेपणी करायचं, फरशीवर किंवा ओट्यावर, जिथे आजूबाजूला पेटण्यासारखं काही नाही. दोन्ही सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगवेगळे ठेवायला सांगितले. सकाळी रिसायकलिंग सेंटरवर, तिथल्या माणसाच्या हातात देऊन ये, कचऱ्याच्या डब्यात नाही. नवे घेशील ते दोन एकदम, भरवशाच्या दुकानातून, आणि सोबत दहावीस रुपड्यांची प्लॅस्टिकची डबी. पौंडात किती ते तू बघ.

"आणि हो, फेब्रुवारीत लग्नाला येताना ते तिकडेच ठेवून ये. चेक-इन बॅगेत व्हेप चालत नाही, आणि इथे आणायलाच बंदी आहे."

"मग तीन आठवडे मी काय करू?"

"मावशीला विचार."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, त्याच्या फोनची बॅटरी गेली.