उद्योजकांना ‘शिक्षण’ म्हणजे नेमकं काय हवं असतं? जळगाव-धुळ्यात बघू

“कॉलेजमधून आलेली मुलं कामाला तयार नसतात.” एखाद्या उद्योजकाच्या भाषणाचं रील बघताना हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. पुढच्याच मिनिटाला तेच म्हणतात, “शिक्षणाशिवाय विकास नाही.” मी खान्देशातला, इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मला वाटतं, या दोन वाक्यांत ‘शिक्षण’ या शब्दाचे अर्थ वेगळे आहेत.

पहिला अर्थ म्हणजे तयार माणूस. सरकारी योजनाही याच अर्थावर उभ्या आहेत. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात इंटर्नशिप योजना आली: ५०० मोठ्या कंपन्या, ५ वर्षांत १ कोटी तरुण, महिन्याला ५,००० रुपये. त्याच वर्षी राज्याची योजना आली. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. बहुतेक खर्च सरकारचा. पुढे कायम नोकरीची हमी मात्र दोन्हींत नाही.

दुसरा अर्थ जळगावात दिसतो. भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकात ठिबक सिंचनाचा धंदा वाढवला. ठिबक म्हणजे नुसती नळी नाही. फिल्टर साफ केला नाही तर छिद्रं बुजतात, पाण्यातून खत किती सोडायचं हे कळलं नाही तर पीक बिघडतं. न शिकवता विकलं असतं तर शेतकऱ्यानं दुसऱ्याच हंगामात नळ्या गुंडाळून ठेवल्या असत्या. म्हणून जैन हिल्सवर प्रात्यक्षिकाची शेतं आणि प्रशिक्षण आलं. आपल्या भाषेत, ॲप देण्याआधी ते वापरायला शिकवलं. यात कंपनीचा फायदा होताच, पण शिकलेलं शेतकऱ्याकडेच राहिलं आणि पैसा केळीच्या बागेतून जिल्ह्यातच फिरला.

त्यांची अनुभूती ही निवासी शाळा २००७ ची. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा, हा कायदा २०१३ चा. म्हणजे ती शाळा काही या कायद्यामुळे निघाली नव्हती.

आता धुळे जिल्ह्यातलं शिरपूर घ्या. अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकारानं तालुक्याच्या गावात शाळांपासून इंजिनिअरिंग, फार्मसीपर्यंत सोय झाली. गावाजवळ पदवी मिळणं ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः मुलींसाठी. पण पदवी शिरपूरची आणि नोकरी हिंजवडीची, असं झालं तर विकास कुणाचा? मी स्वतःही गाव सोडूनच आलोय, त्यामुळे हे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही.

माझं मत साधं आहे: इमारत बांधणं पुरत नाही, शिकलेल्याला जवळच काम मिळालं पाहिजे. जळगावात चटई, पाइप, डाळ मिलचे कारखाने आहेत, धुळ्यात अवधान एमआयडीसी आहे. नियमानुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. मोबाइलवर अप्रेंटिसशिप इंडियाचं पोर्टल उघडा आणि आपल्या जिल्ह्यात किती जागा दिसतात ते बघा.

आणि पुढच्या वेळी असं भाषण ऐकलं की तीन प्रश्न विचारा: खर्च कोण करतंय? शिकतंय कोण? आणि शिकलेलं शेवटी कुठे राहणार?