घोटभर तरतरी

औषधाच्या बाटलीपेक्षाही लहान बाटली, एका घोटात रिकामी, नि म्हणे पाच तास थकवा गायब! लखनौत जन्मलेल्या मनोज भार्गव यांनी २००४ साली अमेरिकेत ‘फाइव्ह अवर एनर्जी’ आणलं, तेव्हापासून तिकडे या ‘एनर्जी शॉट’ची चटक लागली. घेऊन बघायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. पण त्या ५७ मिलिलिटरमध्ये कॅलरी जेमतेम चार. मग ताकद येते कुठून? येतच नाही. त्यात असतं सुमारे २०० मिलिग्रॅम कॅफीन. मेंदूला ‘आता थांब’ असं सांगणाऱ्या अॅडेनोसिनची वाट ते अडवतं, इतकंच. थकवा जागच्या जागी असतो, फक्त जाणवत नाही.

आपल्याकडे अशा पेयांना लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा आहे. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत फार तर ७५. त्या शॉटचं प्रमाण याच्या अकरा पटींहून जास्त भरतं! आपल्या टपरीवरच्या बाटल्याही लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी नाहीत, तसं वेष्टनावर छापावंच लागतं. (वाचतंय कोण!)

आणि आपला थकवा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दुपारी चारला पाय ओढत चालणारी बाई बऱ्याचदा यातलीच. तिला बाटली नको, हिमोग्लोबिनची तपासणी हवी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.