पार्किंगमध्ये सेन्सर कोणता बसवावा?

वाचकहो, अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत आपल्या किती घरांची भाकरी आहे, हे वेगळे सांगायला नको. पाळी सुटली की कारखान्याच्या दारात मोटारसायकलींची दाटी होते, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला मालाचे ट्रक थांबलेले असतात. गाडी उभी आहे की जागा रिकामी आहे, हे ओळखणारे सेन्सर मोठ्या शहरांतील मॉलमध्ये बसले आहेत. उद्या ते आपल्याकडे आले तर बसवणारी पोरे आयटीआयमधून निघालेली आपलीच असतील, आणि दारावरचा जो वॉचमन कमी करायचा घाट घातला जाईल तोही आपलाच. तेव्हा हा विषय साहेबलोकांचा म्हणून सोडून देऊ नये, असे आम्हाला वाटते.

मॉलमध्ये छताला लाल-हिरवा दिवा दिसतो. तिथला सेन्सर कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. छत अडीच मीटरवर असेल तर जमिनीवरून तो परत यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी १५ भाग लागतात. खाली दीड मीटर उंचीची मोटार असेल तर सहाच भाग! हिशेब इतका सोपा आहे. पण आपल्या उघड्या मैदानाला छत कुठे आहे?

उघड्यावर मग जमिनीत बसवायचे प्रकार येतात. एक आहे तारेच्या वेटोळ्याचा, त्याला लूप म्हणतात. रस्त्यात खाच कापून तार पुरतात, तीतून वीज खेळवतात. वर धातू आला की तारेतील विजेची चाल बदलते. याचे मूळ १८३१ साली मायकेल फॅरडेने लावलेल्या शोधात आहे. हा फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधायच्या दुकानात उमेदवारी करून शिकलेला. आपल्या मुलांना हे जरूर सांगा. लूप फाटकावर उत्तम चालतो. आत किती आल्या, बाहेर किती गेल्या ते मोजतो. पण ट्रकची चेसी उंच असते. पुढचे चाक गेले, मध्ये पोकळी आली, की एकच ट्रक दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो. शिवाय रस्ता खचला की तार तुटलीच म्हणून समजा.

दुसरा प्रकार चुंबकीय. पृथ्वीचे चुंबकत्व सगळीकडे आहे. जवळ लोखंड आले की ते विस्कटते, आणि जमिनीतली डबी ते टिपते. ट्रकसाठी हा चांगला. मात्र शेजारच्या जागेवर अवजड ट्रक लागला तर इकडची रिकामी जागाही भरलेली दाखवू शकतो. आणि मोटारसायकल? तिच्यात लोखंड थोडे, ती डबीपासून हातभर बाजूला लावली तर तिची दखलच घेतली जात नाही.

येथेच खरी अडचण आहे. हे बहुतेक सेन्सर मोटारीसाठी बेतलेले, आणि आपला कामगार येतो दुचाकीवर. दुचाकींसाठी कॅमेरा बरा, एकच कॅमेरा बऱ्याच गाड्या पाहतो. पण रात्री उजेड हवा, काचेवरची धूळ रोज पुसायला हवी. आणि तो गाडीबरोबर माणूसही टिपतो; कोण कधी आला, कोणाशी बोलत उभा राहिला, हे चित्र कोणाच्या हाती जाते ते युनियनने आधीच विचारून घ्यावे.

विकणारा माणूस प्रात्यक्षिकाला आपली चकचकीत मोटार आणतो. त्याला म्हणावे, एक ट्रक लाव, एक जुनी स्कूटर तिरपी लाव, आणि मग दाखव. खरेदीआधी आठवडाभर वॉचमनकडून वहीत नोंद ठेवून घ्यावी, कोणत्या वेळी किती व कसली वाहने असतात. नंतर सेन्सरचा आकडा आणि वहीचा आकडा महिनाभर ताडून पाहावा, तोही भर पावसाळ्यात. वॉचमनला काढायचे की ठेवायचे, ही चर्चा त्यानंतर करावी. आडवी लावलेली गाडी सरळ करायला सेन्सर काही उठून येत नाही.