केपटाऊनला गेले आणि अक्करपट्टी सापडली

‘तिकडे सेफ आहे ना गं?’

२०२३च्या जुलैमध्ये एका सेमिस्टरसाठी दक्षिण आफ्रिकेला निघाले, तेव्हा बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकानं हाच प्रश्न विचारला. मावशीचं म्हणणं, जायचंच तर लंडनला जावं, आफ्रिकेत काय शिकणार? खरं सांगायचं तर केपटाऊनमधला पहिला आठवडा मीही बॅग छातीशी धरूनच फिरत होते.

मग सवय झाली. तिथल्या शेअर मिनीबस टॅक्सीच्या दारात उभा असलेला पोरगा ‘मोब्रे, केपटाऊन’ असं ओरडत गाडी भरतो. मागच्या सीटवरचे पैसे हातोहात पुढे जातात. बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून बसलेल्या मुलीला यात नवीन काय? त्या वर्षी तिकडे लोडशेडिंगही जोरात होतं. वीज कधी जाणार ते अ‍ॅपवर बघायचं आणि त्याआधी स्वयंपाक उरकायचा. माझी झिम्बाब्वेची रूममेट मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा करायची, मी डाळ. दोन्ही एकत्र मस्त लागतं. अंधार पडल्यावर एकटीनं चालायचं नाही, रस्त्यात फोन बाहेर काढायचा नाही, हे नियम मात्र शेवटपर्यंत पाळले. घरच्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती.

एका रविवारी आम्ही शहराच्या उत्तरेला मेल्कबॉसस्ट्रँडच्या किनाऱ्यावर गेलो. लांबवर समुद्राकाठी कोबर्ग अणुवीज केंद्र दिसत होतं. आफ्रिका खंडात सध्या चालू असलेलं हे एकमेव अणुवीज केंद्र. मी मैत्रिणींना अभिमानानं सांगितलं, ‘आमच्याकडे पण आहे! भारतातलं पहिलं, १९६९चं!’ तारापूर हे नाव आम्ही शाळेत जनरल नॉलेजच्या प्रश्नासारखं पाठ केलंय.

हाच अभिमान घेऊन मी सप्टेंबरात डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियममध्ये गेले. डिस्ट्रिक्ट सिक्स ही केपटाऊनच्या मधोमध असलेली वस्ती. वेगवेगळ्या धर्मांची, वर्णांची माणसं तिथे शेजारी राहायची. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णद्वेषी सरकारनं हा भाग फक्त गोऱ्यांसाठी राखीव केला. पुढच्या वर्षांत ६० हजारांहून जास्त लोकांना शहराबाहेरच्या ‘केप फ्लॅट्स’ या वाळवंटी सपाट भागात पाठवलं आणि घरांवर बुलडोझर फिरवला. १९९४ मध्ये इथल्याच एका जुन्या चर्चमध्ये म्युझियम सुरू झालं. आत जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे. जुने रहिवासी येऊन त्यावर आपापल्या घराच्या जागी नाव लिहून गेलेत. रस्त्यांच्या खऱ्या पाट्याही टांगल्यात. पाडापाडीवर देखरेख करणाऱ्या एका माणसानं त्या फेकून न देता जपून ठेवल्या होत्या.

आम्हाला फिरवणारे काका तिथलेच जुने रहिवासी. त्यांनी नकाशावर स्वतःचं घर दाखवलं, मग आम्हाला एकेकाचं गाव विचारलं. मी तारापूरचं अणुऊर्जा केंद्र सांगितलं. त्यांनी सहज विचारलं, ‘त्याआधी तिथे कोण राहायचं?’

मला माहीत नव्हतं. आयुष्याची एकवीस वर्षं बोईसरमध्ये काढून, मास कम्युनिकेशन शिकून, मला ते माहीत नव्हतं.

रात्री पप्पांना फोन केला. ते म्हणाले, ‘अगं, पोफरण आणि अक्करपट्टी. तीन आणि चार नंबरच्या युनिटसाठी हलवली ना ती गावं.’ ही दोन युनिट्स २००५-०६ मध्ये सुरू झाली. म्हणजे ही काही इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट नाही, मी शाळेत जायच्या आधीची आहे. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पप्पांना सगळं माहीत होतं. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

डिसेंबरात परत आल्यावर मी पुनर्वसन वसाहतीत गेले. ओळखीतून एका आजींकडे बसले. ‘आजी, तुमचं घर कुठे होतं?’ एवढंच विचारलं. त्यांनी फरशीवर बोटानं रेघा ओढायला सुरुवात केली. इथे विहीर, इथे बोंबील वाळत घालायचे बांबू, इथून खाली उतरलं की होड्या. शेवटी म्हणाल्या, ‘आमच्या पोरांना पण एवढं ठाव नाही गं. तूच पयली इचारतेस.’ केपटाऊनच्या म्युझियममध्ये जो नकाशा बघायला जगभरातून लोक येतात, तसाच एक नकाशा या आजींच्या डोक्यात आहे. तो उतरवून घेणारं कोणी नाही, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, वर्णद्वेषाची आणि विजेच्या प्रकल्पाची तुलना कशी होईल? नाहीच होणार. तिकडे माणसांना कातडीच्या रंगावरून हाकललं. इकडे देशाला वीज हवी होती, आणि माझ्या घरातला पंखाही त्याच ग्रिडवर फिरतो. पण कारण चांगलं असलं म्हणून गावाची आठवणही पुसायलाच हवी, असं कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेत प्रश्न संपलेत असंही नाही. डिस्ट्रिक्ट सिक्सची बरीच जमीन अजून मोकळी पडून आहे, परत येऊ इच्छिणारे अजून वाट बघताहेत. तरी तिथल्या लोकांनी एक काम केलं. काय होतं ते नावानिशी लिहून ठेवलं, आणि सरकारची वाट न बघता लिहिलं.

हे आत्ता का सांगतेय? कारण आपल्या जिल्ह्यात सगळं पुन्हा घडतंय. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या घरात. बंदर हवं की नको, यावर आमच्या घरातही एकमत नाही. पप्पांना नोकऱ्या दिसतात, तर डहाणूकडच्या माझ्या मच्छीमार मैत्रिणीला तिच्या बाबांची बोट. तो वाद व्हायलाच हवा. पण बंदर झालं काय आणि न झालं काय, हा किनारा आज जसा आहे तसा वीस वर्षांनी नसेल. तेव्हा कोणीतरी विचारेल, ‘आधी इथे कोण राहायचं?’ उत्तर द्यायला आपणच असू.

म्हणून माझ्या वयाच्या मुला-मुलींना एकच सांगणं आहे. आपल्या कॉलेजांमध्ये दरवर्षी प्रोजेक्ट असतात आणि आपण ते नेटवरून उचलतो. या वर्षी एक आळी, एक पाडा, एक बंदर निवडा. आजी-आजोबांसमोर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवा. मांगेली असो, वारली असो, त्यांच्या भाषेतच बोलू द्या. विहिरीचं, वाटेचं, शेताचं, खडकाचं नाव लिहा. चादरीवर मार्करनं नकाशा काढला तरी चालेल.

मी सुरुवात केली आहे. आजींचा नकाशा कागदावर उतरवलाय, अजून अर्धा बाकी आहे. पुढच्या रविवारी त्यांनी त्यांच्या बहिणीलाही बोलावलंय. विहीर नेमकी कुठे होती, यावर दोघींचं एकमत नाही.