इन्व्हर्टर घेण्याआधी रात्र मोजा

पावसाळा तोंडावर आला की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टरसाहेब, आईच्या मशीनसाठी इन्व्हर्टर कितीचा घेऊ?’ मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक करून फुप्फुसे निकामी होत आलेली आई रात्रभर त्यावर असते. विचारणारा मुलगा बहुधा दुकानात जाऊन आलेला असतो. तिथे त्याला ‘घरासाठी साडेआठशेचा इन्व्हर्टर आणि दीडशेची बॅटरी पुरते’ असे सांगितलेले असते. दिवे-पंख्यांना ती पुरतेही. आईला पुरत नाही.

नवलाख उंबऱ्याच्या परिसरात तळेगाव एमआयडीसीचे कारखाने रात्रभर उजळलेले असतात. तिथून आत आंदर मावळात शिरले की चित्र बदलते. पावसात झाड तारेवर पडले, खांब कलला, की वाड्या-वस्त्यांवर रात्र अंधारात जाते. याच खोऱ्यातल्या ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होते, हे इथले जुने शल्य. म्हणून आता लोक सौर पॅनलकडे वळत आहेत, आणि ते योग्यच आहे. मात्र घरात आजारी माणूस असेल तर हा हिशेब दुकानदारावर सोडून चालणार नाही.

तो हिशेब फार अवघड नाही. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट वीज घेतो. रुग्णाला ऑक्सिजन दोन लिटरनेच द्यायचा असला, तरी बहुतेक मशीनचा वीजवापर फारसा घटत नाही. रात्रीचे दहा तास धरले तर साडेतीन युनिट झाले. दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल यांचे अर्धे युनिट धरा. एकूण चार युनिट. इन्व्हर्टर स्वतः सुमारे १५ टक्के वीज खातो, म्हणजे बॅटरीतून ४.७ युनिट निघायला हवेत.

आता बॅटरी. बारा व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. पण पाण्याची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर ती लवकर मरते. त्यामुळे वापरायला मिळते ते ०.९ युनिट. या हिशेबाने एका रात्रीसाठी सहा बॅटऱ्या लागतात. दुकानातली ती एक बॅटरी मशीन जेमतेम दोन तास चालवेल. पूर्ण पिळून काढली तरी फार तर तीन तास, कारण भार मोठा असला की बॅटरी छापील आकड्याइतकी वीज देत नाही. रात्री दहाला दिवे गेले तर एक वाजता मशीन बंद. घरात सगळे झोपलेले असतात तीच ही वेळ. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून सहा युनिटांची एक बॅटरी हेच काम करते. पण तिची किंमत आधीच भरावी लागते.

इन्व्हर्टरवरचा ‘व्हीए’ आकडा म्हणजे वॉट नव्हे. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर सहाशे ते सातशे वॉटच्या आसपास भार घेतो. कॉन्सन्ट्रेटर आणि फ्रीज दोन्हींत कॉम्प्रेसर असतो. सुरू होताना क्षणभर तो नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडतो. कॉन्सन्ट्रेटरसाठी दीड हजार व्हीएच्या आतला इन्व्हर्टर घेऊ नये, आणि तो ‘प्युअर साइन वेव्ह’च असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मशीन गुरगुरते, तापते आणि बिघडू शकते.

पॅनलचा हिशेब मे महिन्यावर करायचा नसतो. उन्हाळ्यात एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला चार युनिटांहून अधिक देते. मावळच्या जुलै-ऑगस्टात दोन धरावेत, आणि झड लागली की तेवढेही मिळत नाहीत. चार्जिंगमधली घट मिळवून रोज सहा युनिट हवे असतील, तर पावसाळ्यात तीन किलोवॉटची पॅनल लागतील. एका सूर्यहीन दिवसाची तरतूद म्हणून साठाही दुप्पट करायचा, तर सहाच्या बारा बॅटऱ्या. हा खर्च मावळातल्या किती शेतकरी कुटुंबांना परवडेल?

इथे डॉक्टर म्हणून मला वेगळे सुचवायचे आहे. सगळेच विजेच्या रूपात साठवण्याचा हट्ट कशाला? आरोग्य खात्याने हा प्रश्न लसींच्या बाबतीत फार पूर्वी सोडवला. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. त्यासाठी वापरतात त्या आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, त्यामुळे दिवसात आठ तास वीज मिळाली तरी थंडावा टिकतो. जिथे वीजच नाही तिथे आता पॅनलवर थेट चालणारे, बॅटरी नसलेले फ्रीज वापरतात. दिवसा ऊन बर्फ गोठवते आणि रात्री तो बर्फ लस सांभाळतो. आधीच्या सौर फ्रीजमध्ये सर्वांत आधी बॅटरीच बंद पडायची, त्या अनुभवातून हा मार्ग निघाला.

घरालाही हेच लागू पडते. ऑक्सिजनचा साठा बॅटरीत नव्हे, सिलिंडरमध्ये करावा. ‘बी’ आकाराच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. ‘डी’ आकाराचा सिलिंडर त्याच गतीने दोन दिवसांहून अधिक चालतो. सहा बॅटऱ्यांच्या जागी एक भरलेला सिलिंडर आणि पाना, रेग्युलेटर, नळी हाताशी, ही पावसाळ्याची खरी तयारी. प्रवाह किती ठेवायचा ते मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच, आणि चूल, निरांजन, विडी त्या खोलीच्या बाहेर. इन्सुलिनसाठीही रात्रभर फ्रीज चालवण्याची गरज नाही. वापरात असलेली बाटली सावलीत, माठाच्या गारव्यात साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेला साठा तेवढा फ्रीजमध्ये ठेवावा. अशा तऱ्हेने भार कमी केला की उरलेल्या दिवे, पंखा, मोबाइल आणि नेब्युलायझरला एक-दोन बॅटऱ्या आणि छोटे पॅनल पुरतात.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरच्या पॅनलला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अनेकांना वाटते, आता वीज गेली तरी चिंता नाही. पण महावितरणच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली सौर यंत्रणा लाइन गेली की आपोआप बंद होते, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. बिल कमी होते, अंधार जात नाही.

सुरक्षेचे दोन शब्द. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना स्फोटक हायड्रोजन सोडते, म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराखाली ठेवू नये. तिचे ॲसिड डोळ्यांत उडाले तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखाना गाठावा. जनरेटर घरात किंवा पडवीत कधीही लावू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

सरकारी यंत्रणेकडूनही दोन गोष्टी व्हायला हव्यात. पॅनल २५ वर्षे टिकते, लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच. उपकेंद्राच्या छतावर पॅनल बसवण्याच्या मंजुरीतच बॅटरी बदलण्याचा आणि देखभालीचा पैसा धरला नाही, तर पाचव्या वर्षी तिथे फक्त काच उरते. दुसरे, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या हद्दीत घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांची यादी मे महिन्यातच आशाताईंच्या मदतीने करावी. ती महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला द्यावी आणि काही भरलेले सिलिंडर अशा घरांसाठी केंद्रावर राखून ठेवावेत. या कामाला नवी योजना लागत नाही. एक वही, एक फोन क्रमांक आणि पावसाआधीची एक बैठक पुरते.

तोवर, इन्व्हर्टरच्या दुकानात जाण्याआधी मशीनच्या मागची पट्टी वाचा, वॉट लिहून घ्या आणि त्याला रात्रीच्या तासांनी गुणा. तो आकडा घेऊन आधी डॉक्टरांकडे या, मग दुकानात जा.